डाव्या कोपऱ्यातली गाठ

मी डंकेरन या बंदरगावातल्या, बर्फावरच्या हॉकी मैदानातला पूर्वेकडचा गोलपोस्ट. बोलायची मला सवय नाही. आजवर ऐकण्याचंच काम केलं. पण आता ज्याचं ऐकावं असं कुणी उरलं नाही, तेव्हा म्हटलं, आपणच तोंड उघडावं.

माझा जन्म १९३८ सालचा. बंदरावर बोटी दुरुस्त करणारी एक कार्यशाळा होती. तिथल्या एका कारागिरानं वाफेच्या नळ्या तापवून वळवल्या आणि मला आकार दिला. पुढे दोन खांब, वर आडवा दांडा आणि मागे तीनच्या आकड्यासारखा वळलेला तळ. माझ्यासारखाच आणखी एक घडवला. तो पश्चिमेला, मी पूर्वेला. मध्ये साठ मीटर बर्फ. सोळा वर्षं आम्ही एकमेकांकडे नुसते बघत उभे होतो. सख्खे भाऊ, पण एक शब्द नाही.

नुसत्या लोखंडानं गोलपोस्ट होत नाही, जाळी लागते. ती विणली फेमी गोर्ली हिनं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. डंकेरनच्या बायका हेरिंग माशांची जाळी विणायच्या आणि त्या सगळ्यांत फेमीचा हात चपळ. लाकडी सुई घेऊन ती माझ्या मागे बसली आणि दोन दिवसांत तिनं मला अंग दिलं. जाळी तिनं मच्छीमारांच्या रिवाजाप्रमाणे कातात बुडवून काढली होती. ती तांबूस निघाली तसा मैदानाचा व्यवस्थापक कपाळाला हात लावून म्हणाला, "अगं, पांढरी हवी होती गं!"

"पांढरी दोन वर्षांत कुजेल," फेमी म्हणाली. "मग मला बोलवायला येऊ नका."

माझी जाळी तांबूसच राहिली. दर शनिवारी सामन्याआधी फेमी यायची, एकेक चौकोन बोटांनी चाचपायची, सैल झालेली गाठ आवळायची.

आमच्या संघाचं नाव डंकेरन गॅनेट्स. गॅनेट म्हणजे आमच्या समुद्रावर उंचावरून सूर मारणारा पांढरा पक्षी. संघात निम्मे खेळाडू कॅनडाहून आणलेले. ते आले, त्यांनी गावाला खेळ शिकवला, गावातल्या पोरींना नाचायला शिकवलं आणि वर्षभरात युद्ध सुरू झालं तसे निघून गेले. बर्फ वितळवून टाकला गेला. सहा वर्षं माझ्याभोवती सैन्याच्या बुटांच्या पेट्या रचलेल्या होत्या. त्या सहा वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अंधार होता आणि नव्या चामड्याचा वास होता.

युद्धानंतर कॅनडाचे लोक परत आले, पण गोलकीपर मिळेना. तेव्हा डॉड स्मीटन पुढे आला.

डॉड हेरिंगची पिंपं बांधायचा. रुंद खांदे, तुटकं बोलणं, चारचौघांत मान खाली. गावाला वाटलं, हा कसला गोलकीपर! पण पिंप बांधणाऱ्याची नजर लाकडातली केसभर फट हेरते, तशी त्याला चकती दिसायची. रबराची ती काळी चकती बंदुकीच्या गोळीसारखी येते. तेव्हा गोलकीपर तोंडावर मुखवटा घालत नसत. डॉडच्या हनुवटीवर दोन आणि भुवईवर पाच टाके होते.

माणसांपुढे गप्प राहणारा हा माणूस माझ्याशी मात्र बोलायचा. बरेच गोलकीपर बोलतात, पण डॉड जरा जास्तच. खेळ दुसऱ्या टोकाला गेला की हळूच सुरू व्हायचा, "आज ओकचं लाकूड ओलं निघालं रे. दिवसभर पिंपाची कडी बसेना." किंवा, "आईनं परत जवाची पेज केली, गड्या. रोज जवाची पेज."

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? गोलकीपर माझ्याकडे पाठ करून उभा राहतो. आयुष्यभर मी डॉडची पाठच पाहिली. त्याचा चेहरा दिसायचा तो गोल झाल्यावर, चकती काढायला वळायचा तेव्हा. म्हणजे मला माझा माणूस फक्त हरलेला ठाऊक.

माझ्या मागे, फळ्यांच्या पलीकडे, उंच खुर्चीवर गोलपंच बसायचे. चकती रेषेच्या आत गेली की लाल दिवा लावायचा, एवढंच त्यांचं काम. हे काम पट्टुलो मास्तरांकडे होतं. निम्म्या गावाला त्यांनी गणित शिकवलं होतं. डॉडलाही. बायको गेल्यापासून त्यांना शनिवारच्या त्या खुर्चीखेरीज दुसरं सुख नव्हतं.

आता त्या दिवसाकडे येतो.

मार्च १९५३. कपाचा अंतिम सामना, आमच्या मैदानावर, स्ट्रॅथकेल गावाशी. पंधरा वर्षांत गॅनेट्सना एकही कप मिळाला नव्हता. त्या वर्षी हेरिंगही रुसली होती, बोटी रिकाम्या परतत होत्या. गाव कशाला तरी धरून राहायला बघत होतं, आणि ते काहीतरी म्हणजे आम्ही. चार हजार माणसं दाटीवाटीनं बसली होती.

दुपारी फेमी नेहमीसारखी आली. माझ्या डाव्या कोपऱ्यात, अगदी बर्फालगत, दोन चौकोन उसवले होते. ती गुडघ्यावर बसून ते जोडत होती, तेवढ्यात शेजारीण धापा टाकत आली.

"फेमी! तुझी आई घरात नाही. दार सताड उघडं."

फेमीची आई हल्ली सगळं विसरायची. फेमीनं शेवटच्या गाठीचा एकच वेढा घेतला, सुई तिथंच टाकली आणि पळाली. मला ती अर्धी गाठ अंगावर जाणवत होती, बटण राहून गेलेल्या सदऱ्यासारखी. पण सांगणार कुणाला?

सामना संपायला दोन मिनिटं होती. आम्ही तीन, स्ट्रॅथकेल दोन. लोक उभे राहून बाकं बडवत होते. तेवढ्यात त्यांचा एक सडपातळ खेळाडू डाव्या बाजूनं आत शिरला आणि अगदी जवळून त्यानं फटका मारला. डॉड खाली झेपावला. चकती त्याच्या पायाला घासून आत आली, डाव्या कोपऱ्यात धडकली, अर्धी गाठ सुटली आणि चकती जाळीतून निघून मागच्या फळीवर आदळली. तिथून उसळून परत खेळात आली. डोळ्याचं पातं लवतं ना लवतं तोच सगळं झालं. सुटलेली जाळी जागच्या जागी लोंबली, भोक दिसेनासं झालं.

त्या सडपातळ पोरानं हात वर केले. मागे लाल दिवा लागला नाही.

पंचांनी शिट्टी फुंकली आणि ते पट्टुलो मास्तरांकडे गेले.

"आत की बाहेर?"

"बाहेरून गेली," मास्तर म्हणाले.

छप्पर उडेल असा जल्लोष झाला. आणि डॉड माझ्याकडे वळला. पहिल्यांदाच, दिवा लागलेला नसताना. तो गुडघ्यावर बसला, त्यानं जाड हातमोजा काढला आणि सुटलेला दोरा बोटात धरला. त्याचा श्वास माझ्या दांड्यावर धुक्यासारखा बसला. मी आयुष्यात इतका प्रयत्न कधी केला नसेल ओरडायचा. काय ओरडणार होतो, ते मलाच ठाऊक नाही. 'सांग' म्हणून की 'गप्प बस' म्हणून?

आमचा कर्णधार लॉर्न, कॅनडाचा, तिथं आला. त्यानं डॉडच्या हातातला दोरा पाहिला आणि तो समजला.

"डॉड, ऊठ. समोर बघ."

"आत गेली होती रे."

"दिवा लागला नाही म्हणजे गेली नाही. दोन मिनिटं राहिलीत लेका, दोन मिनिटं!"

"मास्तरांना दिसलं नसेल."

"मग तुलाही दिसलं नाही."

"मला दिसलं ना पण," डॉड म्हणाला. चिडून नाही. पिंपाला फट आहे हे सांगावं, तसं.

तो उठला आणि बर्फावरून सावकाश पंचांकडे गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पाठ तेवढी दिसली. पंचांनी त्याच्याकडे बघितलं, परत एकदा विचारलं, मग हात उंच करून माझ्याकडे बोट दाखवलं. गोल.

चार हजार माणसं एकदम गप्प झाली तर कसं वाटतं? बर्फाखालच्या नळ्यांतून वाहणारं पाणी ऐकू येतं.

तीन-तीन. जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला स्ट्रॅथकेलनं गोल केला, तो निर्विवाद, वरच्या कोपऱ्यात. डॉड चकती काढायला वळला तेव्हा कुणीतरी वरून अर्धी खाल्लेली मटणाची खारी कचोरी फेकून मारली. ती त्याच्या खांद्यावर फुटली. त्यानं खांदा पुसलाही नाही.

त्यानंतर गावानं डॉडला नवं नाव दिलं. आमच्या बंदरावर आडनावं चारच, म्हणून प्रत्येकाला टोपणनाव असतं आणि ते मेल्यावरही सुटत नाही. डॉडचं नाव पडलं 'भोकवाला'. "काय भोकवाले, पिंपाला भोक बिक नाही ना पाडलंत?" "त्याला विचारा, तो खरं सांगेल!" असं चालायचं. संघातले लोक सरावाला त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत. म्हणून तो सकाळी सात वाजता, मैदान रिकामं असताना, एकटाच यायचा. एकटा गोलकीपर काय सराव करणार? डावीकडून उजवीकडे सरकायचा, उजवीकडून डावीकडे. माझ्याशी बोलणंही त्यानं थांबवलं होतं.

अशाच एका सकाळी पट्टुलो मास्तर काठी टेकत बर्फाच्या कडेला आले.

"जॉर्ज," ते म्हणाले. डॉडला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारे गावात ते एकटेच. "जॉर्ज, मी खोटं नाही बोललो त्या दिवशी."

"मी कुठं म्हटलं सर तसं?"

"मला दिसत नाही रे. दोन वर्षं झाली. दोन्ही डोळ्यांवर पडदा आलाय. लोक ओरडले की मी दिवा लावायचो. त्या दिवशी स्ट्रॅथकेलचे लोक थोडे होते. कुणी ओरडलंच नाही."

डॉड सरकता सरकता थांबला. मग चक्क हसला. "म्हणजे दोन वर्षं आमचे सगळे गोल चार हजार पंचांनी दिले?"

"मी आज सगळ्यांना सांगणार आहे. बोल तुझ्या एकट्यावर का?"

"कशाला, सर? तुमची खुर्ची जाईल आणि माझं नाव काही बदलणार नाही. तब्येतीचं कारण सांगा, खुर्ची सोडा आणि डोळे दाखवा कुणालातरी." हे सांगून तो पुन्हा डावीकडून उजवीकडे सरकू लागला. मास्तरांनी डोळे पुसले आणि ते गेले. त्यांनी तसंच केलं.

फेमी आली त्यानंतर चार दिवसांनी. तिनं ती जागा आधीच जोडून टाकली होती, दोन-दोन वेढ्यांनी. तरी ती माझ्या मागे बसून तोच दोरा ओढून बघत होती. डॉड पुढे, ती मागे, मध्ये मी.

"स्मीटन," ती शेवटी म्हणाली, "ती गाठ माझी होती."

"कुठली?"

"डाव्या कोपऱ्यातली. अर्धीच मारून पळाले मी. आई घरातून निघून गेली होती त्या दुपारी."

डॉड वळला. जाळीतून त्यानं तिच्याकडे पाहिलं. "सापडली का?"

"काय, गाठ?"

"आई."

फेमीच्या हातातली सुई खाली पडली. मला वाटतं, तोवर हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

"सापडली. धक्क्याच्या टोकाला बसली होती, बाबांच्या बोटीची वाट बघत. बोट बुडाली त्याला एकवीस वर्षं झाली." तिनं नाक पुसलं. "मी पक्की गाठ मारली असती तर तुझ्यावर ही पाळी आली नसती."

"कशी नसती आली? गाठ पक्की असती तर चकती आतच राहिली असती, सगळ्यांना दिसली असती. गोल झालाच असता." डॉड विचार करत बोलत होता. "उलट तुझ्या गाठीनं आपल्याला फुकटात कप मिळत होता. तो घालवला मी."

फेमी हसली. हसता हसता रडली. मग म्हणाली, "मी गावाला सांगते."

"आई एकटी असते तुझी. शेजारीपाजारी लागतात तुला. नको सांगूस."

असे दोघं आपापलं ओझं डॉडपाशी ठेवून गेले आणि त्यानं दोन्ही मुकाट उचललं. साक्षीला मी. मला तोंड नव्हतं.

पुढचं वर्षभर फेमी शनिवारची वाट न बघता रोज सकाळीच येऊ लागली. माझ्या जाळीला दुरुस्तीची गरज असो नसो. ती मागे विणायची, तो पुढे सरकायचा आणि दोघं बोलायचे. पिंपांबद्दल, आईबद्दल, समुद्राबद्दल. फारसं काही नाही. मला मात्र त्या वर्षाइतकं ऊबदार दुसरं वर्ष आठवत नाही.

पण गाव येईनासं झालं होतं. कप हुकल्यामुळे असेल, घरोघरी टेलिव्हिजन येऊ लागल्यामुळे असेल. लोक मात्र म्हणत, "भोकवाल्यानं क्लब बुडवला." १९५४ च्या वसंतात स्पर्धा बंद झाली, कॅनडाचे लोक कायमचे गेले आणि बर्फ पुन्हा एकदा वितळवला. हेरिंग नाही म्हणजे पिंपंही नाहीत. डॉडला वर डोंगरात, व्हिस्कीची पिंपं बांधायचं काम मिळालं. जायच्या दिवशी तो ओल्या सिमेंटवर साध्या बुटांनी आला आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोलला.

"तिला विचारणार होतो, येतेस का म्हणून. पण आईला टाकून ती कशी येईल? विचारलं तर नाही म्हणावं लागेल तिला. मग कशाला विचारायचं?"

दुसऱ्या दिवशी फेमी आली. माझ्या मागे बसली. बर्फ नव्हता, सामना नव्हता, तरी एकेक चौकोन चाचपत राहिली. "विचारायचं तरी," एवढंच म्हणाली. "नाही म्हटलं असतं. पण विचारायचं तरी."

दोघांचं मला ठाऊक होतं आणि दोघांपैकी कुणालाही मी सांगू शकत नव्हतो. एकटेपण कशाला म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. आजूबाजूला कुणी नसणं म्हणजे एकटेपण नव्हे.

मैदानाचं नाचघर झालं, मग फर्निचरचं गोदाम. मला मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. माझा भाऊ भंगारात गेला, तोही दुसऱ्या दारानं, माझ्या समोरून नाही. १९५८ च्या एप्रिलमध्ये फेमी पुन्हा आली. आई महिन्यापूर्वी वारली होती. तिच्या हातात एक बॅग आणि कात्री होती.

"जाळी नेते हो माझी," ती रखवालदाराला म्हणाली.

"आता काय करायचीय ती, बाई?"

"वर डोंगरात वाटाण्याच्या वेलांना लागते म्हणे. पत्रात लिहिलंय एकानं. चार वर्षांनी का होईना, विचारलंय." आणि तिनं माझी जाळी गाठीगाठीनं कापून घडी केली. जाताना डाव्या खांबावर हात ठेवून क्षणभर थांबली. मग बस गाठायला निघाली.

मला आनंद झाला. खरंच झाला. पण जाळी गेल्यावर मी नुसती चौकट उरलो. जाळी नसली की गोलपोस्टाला आत-बाहेर काही राहत नाही. त्यांचं पुढे काय झालं, वाटाणे कसे आले, मला कधीच कळलं नाही. साठाहून जास्त वर्षं मी त्या भिंतीशी उभा आहे. माझ्यावर ओल्या छत्र्या वाळत घातल्या गेल्या, एका वर्षी चिमणीनं घरटं केलं. बाकी काही नाही.

गेल्या सोमवारी एक तरुणी आली. तिचं नाव मॉरवेन. शेजारच्या गावात नवं मैदान झालंय, तिथं गॅनेट्स नावाचा संघ पुन्हा उभा राहिलाय. ही त्यांच्या मुलींच्या संघाची गोलकीपर, आणि क्लबचा इतिहासही तीच लिहितेय. तिनं मला मापलं, गंज खरवडून बघितला, मग फोटो काढून घ्यायला माझ्यापुढे उभी राहिली. माझ्याकडे पाठ करून. किती वर्षांनी माझ्यासमोर एक पाठ होती!

मग तिनं रखवालदाराला आपली वही दाखवली. एका पानावर एक साल, एकेक ओळ. १९५३ पुढे एकच शब्द होता : उपविजेते.

"घरच्या मैदानावर, शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी झाली आणि हुकला कप," ती म्हणाली. "का ते कुणालाच माहीत नाही. तुम्हाला आहे का हो काही?"

"मी तर तेव्हा जन्मलोही नव्हतो, पोरी," रखवालदार म्हणाला.

इमारत पाडणार आहेत. लोखंड गुरुवारी उचलतील. मॉरवेननं क्लबला विचारून बघितलं, पण त्यांच्याकडे मला ठेवायला जागा नाही. मला वाईट वाटत नाही. नळ्यांपासून झालो, पुन्हा कशाच्या तरी नळ्या होईन. मास्तर गेले, डॉड आणि फेमीही आता नसतील. त्यांची गुपितं उघडी केली म्हणून कुणाचं काही बिघडायचं नाही.

माझी मागणी एवढीच. तुमच्यापैकी कुणाला ती मुलगी भेटली तर तिला सांगा, की त्या दिवशी गोल झाला होता आणि तो झाला असं आमच्याच गोलकीपरनं सांगितलं. त्याचं नाव जॉर्ज स्मीटन. वहीत 'उपविजेते' या शब्दापुढे बरीच कोरी जागा आहे. मी पाहिलीय.